पुसायची मुभा नाही

हात हलते ठेवा आणि कान माझ्याकडे द्या. दिवा जरा अलीकडे ओढा कुणीतरी... हां. आ-खून, तुझी सुरी बोथट झालीय बघ. आधी ती बदल, नाहीतर कालवाऐवजी अंगठा उघडशील.

समाजमंदिराच्या मागच्या खोलीत रात्रीचं कुणी थांबत का नाही, असं परवा तुमच्यापैकी कुणीतरी विचारलंत. मी तेव्हा बोललो नाही. दिवसाउजेडी ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. ही ऐकीव नाही. ज्या बाईवर बेतली ती आपल्या वरच्या आळीतल्या लो न्हाव्याची मुलगी, यीरू. तिनं मला समोर बसून सांगितली. आणि मधला एक तुकडा मी माझ्या या कानांनी ऐकलाय. तो आला की सांगेन, आणि त्या वेळी मी काय केलं तेही सांगेन. लपवणार नाही.

साल दोन हजार तेवीस. चौदा सप्टेंबर, गुरुवार. सातव्या चांद्रमहिन्याची शेवटची रात्र. म्हणजे महिनाभर मोकळे फिरलेले मृतात्मे ज्या रात्री परत जातात आणि मागे दार लागतं, ती.

यीरू तेव्हा चाळिशीला टेकली होती. शहरात एका मोठ्या इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळायची. ती गावी आली होती ती वेंग बाईंसाठी. वेंग बाईंना तुम्ही पाहिलं नाहीत. शाळेतून निवृत्त झाल्यावर आपल्या शालुनवेई गावाचा विकी त्यांनी सुरू केला. आता तुम्ही फोनवर बघता ना, कुठल्या घराला काय म्हणायचे, कुठली होडी कुणी बांधली, कालवांच्या माळा बांधायची जुनी गाठ कशी, ते सगळं त्यांनी दारोदार फिरून गोळा केलं. आणि लोकांना लिहायला लावलं. मी स्वतः भरतीच्या वेळांचं पान लिहिलंय. शुद्धलेखनाला बाईंनी लाल शाई मारली, पण मजकूर माझा. तीन हजार चारशे पानं होती. बाई त्या वसंतात गेल्या, आणि त्यांचं जुनं यंत्र खोलीत दमेकऱ्यासारखं घरघरत पडलेलं.

यीरू बाईंची विद्यार्थिनी. ती म्हणाली, नवं यंत्र आणते, त्यावर चांगला डेटाबेस सर्व्हर बसवते आणि विकी त्याला जोडून देते. म्हणजे मग वीस वर्षं बघायला नको.

तिनं मला समजावलं तसं सांगतो. विकी म्हणजे आपल्याला दिसतात ती पानं. पण मजकूर तिथं नसतो. तो मागे डेटाबेसमध्ये असतो, कोठारात धान्य असावं तसा. विकीनं दर खेपेला कोठाराच्या दारात जाऊन आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा. जुळलं तर दार उघडतं. कुणाला नुसतं वाचायची मुभा, कुणाला लिहायची, कुणाला पुसायची, ते दारावरच ठरलेलं असतं. जोडणं म्हणजे एवढंच, या दोघांची ओळख करून देणं. अर्ध्या तासाचं काम, म्हणाली.

संध्याकाळी ती खोली झाडत होती. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष काओ आले. हातात गरम कालवांचं ऑम्लेट, वर लाल रस्सा. मी तिथंच दारात स्टुलावर सुपारी चघळत बसलो होतो.

"खा पोरी, आधी खा. आणि ऐक. बाईंचं अक्षर न् अक्षर ने. फक्त ते पंपघराचं पान... ते जुन्या यंत्रात राहू दे."

"जुनं यंत्र उद्या भंगारात जाणारेय, काका."

"तेच म्हणतोय मी."

ती खायची थांबली.

ते पान तुम्ही वाचलंय. मी सांगतोय त्या रात्रीच्या पंधरा वर्षांआधीचं ते वादळ. रात्री समुद्र बांधावरून आत आला आणि खालच्या आळीत शिरला. पंपघराची किल्ली काओंच्या थोरल्या भावाकडे होती, छ्वान-फूकडे. पाणी वाढलं की त्यानं भोंगा वाजवायचा आणि पंप सुरू करायचा. त्या रात्री पंप सुरू झाला नाही. सात माणसं गेली. चौकशीत छ्वान-फू म्हणाला, मी भोंगा वाजवला, लोकच उठले नाहीत. सरकारी कागदावर तेच चढलं. सात माणसं आपल्या आळसानं मेली, असं! मग वेंग बाई चाळीस घरं फिरल्या. एकानंही भोंगा ऐकला नव्हता. चाळीसही जणांचं म्हणणं, नावागावासकट, बाईंनी त्या पानावर लावलं. छ्वान-फू पुढं सहा वर्षं जगला. त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलला नाही. बाजारात समोरून आला की मान खाली. तसाच गेला.

"चिआ-वेनचं लग्न ठरलंय," काओ म्हणाले. चिआ-वेन म्हणजे छ्वान-फूची मुलगी. "मुलाकडची माणसं आजकाल कुंडली बघायच्या आधी फोनवर आडनाव शोधतात. माझ्या भावानं पाप केलं असेल, यीरू. पण त्या पोरीनं काय केलंय?"

आणि हे काओ म्हणजे परके नव्हेत. यीरूचा बाप गेला तेव्हा शवपेटीला पहिला खांदा त्यांचा होता.

यीरू म्हणाली, "बघते."

'बघते' म्हणजे काय, ते आपल्या सगळ्यांना कळतं.

काओ गेले. मी तिला किल्ली दिली आणि म्हटलं, "पोरी, आजची रात्र टाळ. नाहीतर निदान मागून कुणी नाव घेऊन हाक मारली तर वळू नकोस."

"आ-पे, माझ्या यंत्रांना पंचांग कळत नाही," ती म्हणाली. "आणि इस्पितळात माझी खोली शवागाराला लागून आहे. रोज तिथंच डबा खाते. तुमच्या भुतांना सांगा, रांगेत या."

मी तोंडातली सुपारी थुंकून टाकली आणि घरी आलो. रस्त्यात दारोदार मेलेल्यांसाठी कागदी नोटा जाळल्याची राख उडत होती.

अकरा वाजता तिनं आतून कडी लावली. पहिलं काम केलं ते इंटरनेटची वायर भिंतीतून उपटून टाकली. पानं हलवत असताना मध्येच कुणी काही लिहिलं तर घोळ होतो, म्हणून. ही वायर लक्षात ठेवा. बाहेरच्या जगाशी त्या खोलीचा संबंध तिथं तुटला.

सर्व्हर बसवला. चालू केला. विकीसाठी त्यावर एक नाव तयार केलं, 'शालुन', आणि पासवर्ड दिला. मग जुन्या यंत्रातली पानं आणली. साडेबारापर्यंत सगळी आली.

एक सोडून.

ते तिनं मुद्दाम मागं ठेवलं. मला म्हणाली, "हात थरथरला नाही, आ-पे. खोटं कशाला सांगू. वाटलं, पोरीचं लग्न होऊन जाऊ दे."

मग विकीला सर्व्हरचा पत्ता दिला. डेटाबेसचं नाव. वापरणाऱ्याचं नाव, 'शालुन'. पासवर्ड. बटण दाबलं.

पडद्यावर ओळ आली. प्रवेश नाही.

होतं असं. एखादं अक्षर चुकतं. तिनं पुन्हा लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर तपासून. पुन्हा दाबलं. प्रवेश नाही. आणि या वेळी तिनं ती ओळ शेवटपर्यंत वाचली. सर्व्हर नकार देतो तेव्हा कुणाला दिला ते नाव घेऊन सांगतो.

'छ्वान-फू या नावाला प्रवेश नाही.'

...

ती हसली म्हणे. वाटलं, काओंच्या कुणा भाच्यानं आधीच येऊन काहीतरी करून ठेवलंय. तिनं सगळं उघडून पाहिलं. विकीत नाव 'शालुन'. सर्व्हरवर नावं दोनच, तिचं आणि 'शालुन'. छ्वान-फू कुठंच नाही. विकी आणि सर्व्हर दोन्ही बंद केले, चालू केले. बटण दाबलं.

छ्वान-फू या नावाला प्रवेश नाही.

एक वाजला. दीड वाजला. पंखा चालू होता. तो थांबला. लाइट गेले नव्हते, दिवा जळत होता. नुसता पंखा थांबला. मग जुनं यंत्र घरघरायला लागलं. ते तिनं साडेबारालाच बंद केलं होतं.

तिच्या मागं प्लास्टिकचं स्टूल होतं. मी संध्याकाळी बसलो होतो ते. ते करकरलं... जसं कुणी जड माणूस बसल्यावर करकरतं तसं.

ती वळली नाही.

मग मागून, अगदी हळू... "लो... यी... रू."

पूर्ण नाव. आडनावासकट. शाळेत हजेरीला घेतात तसं.

ती वळली. वळू नकोस म्हटलं होतं मी. पण ही पोरगी न्हाव्याची. बाप वस्तरा घेऊन बसायचा, हिला कुणाच्या नजरेची भीती नव्हती. ती सरळ मागं वळली आणि स्टुलाकडं बघत राहिली.

स्टूल रिकामं होतं. पण बसकं... मध्ये वाकलेलं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला. आता तो माझा तुकडा.

"आ-पे, छ्वान-फूला कॉम्प्युटर येत होता का?"

असा प्रश्न, रात्री पावणेतीनला. मी म्हटलं, "त्याला टीव्हीचा रिमोट येत नव्हता. का?"

मला ऐकू आलं... तिचा श्वास. जलद. आणि त्याच्या शेजारी दुसरा. सावकाश, घशात अडकत येणारा. आमचा छ्वान-फू ओढायचा तसा.

"यीरू, तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग... शेजारी श्वास कोण घेतंय?"

एकदम तिचा आवाज चढला. तो माझ्याशी नव्हता.

"मेलास तरी किल्ली सोडवत नाही का रे तुला? तेव्हाही दार लावून बसलास, आजही बसतोस? बस! मी काकांच्या शब्दाखातर ते पान मागं ठेवलं होतं. आता टाकते. तुझ्या नाकावर टिच्चून टाकते. सातच्या सात नावं टाकते. काय करतोस ते कर!"

फोन बंद झाला.

माझं घर तिथून चार गल्ल्या. स्कूटर दारात उभी. मी चादर अंगावर ओढली आणि भिंतीकडं तोंड करून पडलो.

हो. गेलो नाही. बघा माझ्याकडं, बघा. तुम्ही असतात तर गेला असतात, माहीत आहे मला. मी गेलो नाही.

तिकडं तिनं ते पान आणलं. जुन्या यंत्रातून नव्यात. सात नावं, चाळीस घरांचं म्हणणं, बाईंच्या सगळ्या टीपा. आणि मग, बटण दाबण्याआधी, तिला सुचलं ते सर्व्हरची नोंदवही बघायचं. कोण कधी दारात आलं, कुणाला परत पाठवलं, ते सर्व्हर स्वतःशी लिहून ठेवतो.

उघडली.

छ्वान-फू. प्रवेश नाही. छ्वान-फू. प्रवेश नाही. दर मिनिटाला एक. वर गेली... वर गेली... संपेचना. पहिली नोंद अकरा वाजून चोवीस मिनिटांची. सर्व्हर चालू केला त्याच मिनिटाची. तिनं विकी जोडायच्या तासभर आधीची.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. इतका वेळ ती समजत होती की हा आतून दार धरून बसलाय.

तो बाहेर होता. ठोठावत होता.

ती म्हणाली, "आ-पे, भीती तेव्हा वाटली. आधी राग होता. आता ठरवायचं माझ्याकडं आलं."

आत घेतला तर? आत येऊन त्यानं सगळं पुसलं तर? पंधरा वर्षं ज्या माणसानं खोटं तसंच राहू दिलं, त्याला बाईंच्या कोठारात सोडायचं?

मागं स्टूल पुन्हा करकरलं.

ती न वळता बोलली. "आत घेते. पण अटीवर."

आणि तिनं सर्व्हरवर तिसरं नाव तयार केलं. छ्वान-फू. पासवर्ड लिहिताना डोळे मिटले आणि बोटं कशीही फिरवली. काय लिहिलं ते आजही तिला ठाऊक नाही. मग मुभा द्यायची वेळ आली.

वाचायची... दिली.

लिहायची... दिली.

पुसायची...

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "ती तुला नाही. बाईंचं एक अक्षर पुसता येणार नाही तुला. स्वतःचं लिहिलेलंही पुसता येणार नाही. एकदा लिहिलंस की ते राहणार. कबूल असेल तर ये. नाहीतर जा, दार लागायची वेळ झालीय."

जुनं यंत्र घरघरत होतं. ते थांबलं.

श्वास थांबला.

आणि विकी उघडला. तिनं बटण दाबलं नव्हतं. पहिलं पान आलं, आपलं देऊळ, बाईंनी काढलेला फोटो. जोडणी झाली होती.

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. की-बोर्डला शिवली नाही. तीन वाजून सात मिनिटांनी पंपघराचं पान आपणहून उघडलं. आणि खाली, चाळीस घरांच्या खाली, अक्षरं यायला लागली. एकेक. सवय नसलेला माणूस एका बोटानं लिहितो तशी. मध्ये थांबत. खूप थांबत.

'भोंगा वाजला नाही.

लोक उठले नाहीत हे मी खोटं बोललो.

मी घरीच होतो.

जागा होतो.

भ्यालो.'

बस. एवढंच. पुढं काही आलं नाही. पंखा सुरू झाला.

पहाटे पाचला मी गेलो. उजाडल्यावर शूर झालो. यीरूनं कडी काढली. डोळे लाल, पण ताठ उभी. तिनं मला ते पान दाखवलं. मी वाचलं. शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या आणि मला तिच्याकडं बघवेना. तिनं थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला.

वायर तशीच भिंतीपासून उपटलेली, जमिनीवर लोळत होती.

काओंना मी बोलावून आणलं. ते उभ्यानंच वाचायला लागले आणि मग खाली बसले. पहिल्यांदा चिडले. "हे तू लिहिलंस! माझ्या मेलेल्या भावाच्या तोंडी घातलंस!"

"माझ्या नावानं लिहिलेलं दाखवा, काका," यीरू म्हणाली. "कुणी लिहिलं ते नाव बाजूला आहे, छ्वान-फू. आणि पुसायचं म्हणत असाल तर पुसायची मुभा माझ्याकडं आहे. मी पुसणार नाही. तुम्ही मंडळ बोलवा, चौकशी लावा, मला गावात येऊ देऊ नका. मी पुसणार नाही."

काओ पडद्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "'भ्यालो' हा शब्द त्यानं कधी माझ्यापाशीसुद्धा उच्चारला नाही गं. त्याची बायको विचारायची, मी विचारायचो. तो उठून जायचा." आणि हा मोठा माणूस, मंडळाचा अध्यक्ष, बाहीनं नाक पुसत रडला.

चिआ-वेनला त्यांनी स्वतःच दाखवलं. आपणच फोन काढून मुलाकडच्यांसमोर ठेवायचा, असं त्या पोरीनं ठरवलं. म्हणाली, "माझ्या बापाला खरं सांगायला पन्नास वर्षं लागली असती तरी मी थांबले असते. पंधराच लागली." लग्न झालं. लग्नाच्या सकाळी दोन्ही घरची माणसं आधी खालच्या आळीत गेली आणि सात उदबत्त्या लावून आली. चौकशीचे कागद अजून तेच म्हणतात. ते बदला म्हणून आम्ही दर वर्षी अर्ज करतो, तो दर वर्षी परत येतो, आणि परत आलेला प्रत्येक अर्ज यीरू त्या पानाला जोडते. बघू कोण आधी थकतं.

आता तुम्ही म्हणाल, आ-पे, हे यंत्राचं काही खरं नाही. यंत्रात काहीही होतं, पोरीनं अर्धवट झोपेत स्वतःच लिहिलं असेल. म्हणा. मीही तसंच म्हटलं असतं.

पण त्या पहाटे चहा पिताना मी मान वर केली... आणि भिंत पाहिली.

आपलं समाजमंदिर वादळानंतर बांधलंय, तेही उंचावर. तिथं पाण्याचा थेंब कधी आलेला नाही. तरी त्या खोलीच्या चारही भिंतींवर, माझ्या छातीच्या उंचीला, एक सरळ तपकिरी रेघ होती. पूर ओसरल्यावर उरते तशी. तिच्या खाली जमीन कोरडी. कागद कोरडे. नवं यंत्र रेघेच्या हातभर खाली, मजेत चालू.

गेल्या वर्षी तपासणीला आलेला साहेब म्हणाला, हे रंगवून टाका. काओ हाताची घडी घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नाही."

म्हणून ती अजून आहे. मी काल बोट लावून पाहिलं.

ओलं लागलं... आणि जिभेला खारट.